दोन आखूड, दोन लांब

पोर्ट रोरीत नुसतं नाव सांगून कुणाचं भागत नाही. "मी मॅकलेलन" म्हणालात तर समोरचा "बरं, मग?" अशा चेहऱ्याने बघत राहतो, कारण तोही मॅकलेलनच असतो. इथे विचारतात ते "कुणाची गं तू?" मग बापाचं नाव सांगायचं, त्याने नाही भागलं तर आजोबाचं. पहिल्या मुलीला आजीचं नाव द्यायचं हाही इथला जुना रिवाज. म्हाताऱ्या फ्लोरा मॅकलेलनला दोन मुलगे, आलेक आणि जॉन डॅन. दोघांनाही एकाच हिवाळ्यात मुलगी झाली आणि दोघांनीही आईचं नाव ठेवलं. कुणी एकाने माघार घ्यावी तर शपथ. तेव्हापासून गावात एक आलेकची फ्लोरा आणि एक जॉन डॅनची फ्लोरा. म्हातारी होती तोवर दोघी तिच्या स्वयंपाकघरात एका ताटात जेवल्या. म्हातारी गेली त्याला नऊ वर्षं झाली, आणि तेवढीच वर्षं दोघी एकमेकींशी एक शब्द बोललेल्या नाहीत.

ही गोष्ट आलेकच्या फ्लोराची. ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी दुपारी ती आपल्या अंगणात, लोखंडी तिवयांवर, ज्यांना घोडे म्हणतात, त्या घोड्यांवर चढवलेल्या गाडीच्या पुढ्यात मांडी घालून बसली होती, कोपरापर्यंत काळी झाली होती आणि फार खूश होती. पुढची दोन्ही चाकं काढून झाली होती. दोन्ही जुने शाफ्ट ओढून बाहेर काढले होते आणि ते गवतावर पडले होते. गिअरबॉक्समधून निघून पुढच्या चाकाला फिरवणारा हा लोखंडी दांडा. त्याच्या दोन्ही टोकांना सांधा असतो, सांध्यावर रबराची पिशवी आणि पिशवीत ग्रीस. आमच्याकडे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ आधी रबर खातं, मग ग्रीस उडून जातं, वाळू आत शिरते आणि वळणावर चाक कट् कट् कट् बोलायला लागतं. गावातल्या निम्म्या गाड्या अशाच बोलतात. आपण रेडिओचा आवाज मोठा करतो आणि पुढे जातो.

फ्लोराला या वेळी ते परवडणार नव्हतं. मासळीचा कारखाना वसंतात बंद पडला होता. तिच्या भावाने देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, अल्बर्टात, तेलाच्या कामगारांच्या छावणीत, तिच्यासाठी भटारखान्यातलं काम बघून ठेवलं होतं आणि दर रविवारी फोन करून तो विचारत होता, "येतेयस ना?" समुद्र नसलेल्या मुलखात जाऊन राहायचं या कल्पनेनेच ती विषय बदलायची. तेवढ्यात पोर्ट रोरीत टपाल वाटायची जागा रिकामी झाली. किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं आणि घराघरासमोरच्या पेट्यांत टपाल टाकायचं. गाडी मात्र स्वतःची हवी, आणि तपासणी होऊन काचेवर नवं लेबल लागलेली. यादीत तिचं नाव पहिलं होतं. मंगळवारी सकाळी गावाबाहेरच्या शहरातल्या टपाल कचेरीत गाडी घेऊन हजर व्हायचं. नाही झाली, तर काम दुसऱ्या नंबरला. आणि दुसरा नंबर कुणाचा, हे गावातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. जॉन डॅनचीचा.

गाड्या तपासणारा बर्नी म्हणाला होता, "बाकी सगळं चोख आहे गं. हे दोन शाफ्ट तेवढे बदल. मंगळवारी सकाळी दारात उभी कर, लेबल लावतो." म्हणून फ्लोराने दुकानात फोन करून दोन शाफ्ट मागवले आणि शनिवारी सकाळी दुकानाची गाडी दोन लांबलचक खोकी दारात टाकून गेली. चक्कर मारून ती गाडी वर टेकडीकडे गेली तेव्हा फ्लोराने तिकडे पाहिलंही नाही. टेकडीवर जॉन डॅनची राहते. तिकडे न बघायची तिला सवयच झाली होती.

आता तिने पहिलं खोकं फाडलं. डावा शाफ्ट, आखूड. गिअरबॉक्स गाडीच्या मधोमध नसतो, डावीकडे सरकलेला असतो, म्हणून डावा दांडा आखूड आणि उजवा लांब. तो तिने प्रेमाने गवतावर ठेवला आणि दुसरं खोकं फाडलं.

तोही आखूड.

तिने दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. उलटे करून पाहिले. लोखंडाचा दांडा उलटा केला म्हणून लांब होत नाही, हे कळायला तिला थोडा वेळ लागला. मग दुकानात फोन लावला. तिथे यंत्र बोललं की सोमवारी सुगीचा सण असल्यामुळे दुकान आता मंगळवारी सकाळी दहाला उघडेल. यंत्राला शिव्या देऊन काही होत नाही, तरी तिने दिल्या.

"निदान एक तरी बसवू," असं म्हणून तिने डाव्या बाजूचा नवा शाफ्ट उचलला आणि गिअरबॉक्सच्या भोकात सारला. बोटभर आत गेला आणि अडला. फिरवला, अडला. जोर लावला, तरी अडला. मग तिने भोकात बोट घालून चाचपलं. आतलं दातेरी चाक जागेवर नव्हतं. ते तिरकं होऊन खाली घसरलं होतं.

तिच्या बापाने तिला गाडीखाली घेऊन जे शिकवलं होतं, त्यातला पहिला नियम हाच होता. एक काढ, एक घाल, मग दुसरा काढ. दोन्ही एकदम ओढलेस की आतल्या चाकांना धरायला कुणी राहत नाही. इतकी वर्षं तिने तो नियम पाळला होता. आज घाई झाली, कारण संध्याकाळच्या आत गाडी उभी करून मोकळं व्हायचं होतं. स्वतःच्या मूर्खपणावर तिला इतका राग आला की पाना गवतात भिरकावला, आणि मग तोच शोधत बसावं लागलं.

लांब शाफ्ट कुठे असणार, हे समजायला काही फार अक्कल लागत नव्हती. जॉन डॅनचीकडेही तीच गाडी, त्याच विक्रेत्याकडची. दुकानाची गाडी तिच्याकडेही थांबली असणार. फ्लोरा दोनदा अंगणाबाहेर जाऊन परत आली. मग एक आखूड शाफ्ट खांद्यावर टाकला आणि टेकडी चढू लागली.

जॉन डॅनची शेडच्या दारात पालथ्या बादलीवर बसून सफरचंद खात होती. तिचीही गाडी घोड्यांवर. एका बाजूचं चाक काढलेलं, उजवा शाफ्ट नवा बसवलेला, दुसरीकडे अजून हात लावलेला नाही. एक एक करत, नियमाने. भिंतीला टेकून एक नवाकोरा लांब शाफ्ट उभा होता.

नऊ वर्षांत पहिला शब्द जॉन डॅनचीचा.

"चालत आलीस?"

"गाडी हवेत आहे."

"माझीपण." तिने सफरचंदाचा आणखी एक तुकडा तोडला. "तुझ्याकडे दोन आखूड आले असतील."

"तुझ्याकडे दोन लांब."

"हो."

दोघी शाफ्टकडेच बघून बोलत होत्या. माणसाकडे बघण्यापेक्षा ते सोपं होतं.

"तुला काय गरज होती आत्ताच बदलायची?" फ्लोराने विचारलं.

"काय सांगावं, वेळ आली तर गाडी तयार असावी." आणि हे बोलताना ती जराही लाजली नाही. जॉन डॅनची पहिल्यापासून अशीच, तोंडावर बोलणारी. "दुकानात नाव काय सांगितलंस?"

"माझं नाव. दुसरं काय सांगणार?"

"नुसतंच?"

फ्लोराने खांद्यावरचा शाफ्ट खाली ठेवला. "तिथे नवीन पोरगा आहे कुणीतरी. विचारत होता, कुठल्या फ्लोरा मॅकलेलन? मी म्हटलं, पोर्ट रोरीत एकच आहे."

जॉन डॅनचीचं चावणं थांबलं. "मीपण तेच सांगितलं."

त्या पोराचं तरी काय चुकलं? त्याने दोन्ही मागण्या एकाच बाईच्या समजून आखूड एकत्र बांधले आणि लांब एकत्र. आणि गाडीवाल्याला एका नावाची दोन घरं दिसली तेव्हा त्याने एकेक जोडी दोन्हीकडे टाकली. दोघींच्याही डोक्यात एकाच वेळी प्रकाश पडला. हसायला हरकत नव्हती. हसली मात्र कुणीच नाही.

"घे," जॉन डॅनची म्हणाली आणि लांब शाफ्टकडे मान केली. "तो ठेव, हा ने."

फ्लोराने अदलाबदल केली. निघताना मागून आवाज आला, "दोन्ही एकदम नाही ना ओढलेस?"

"मी काय वेडी आहे?"

लांब शाफ्ट खांद्यावर घेऊन उतरताना तिला एक गोष्ट खुपत राहिली. जॉन डॅनचीने नुसतं "नाही देत" म्हटलं असतं तरी पुरे होतं. दुकान मंगळवारी दहाला उघडणार, टपाल कचेरीत आठला जायचं. तिच्या जागी आपण असतो तर दिला असता का? याचं जे उत्तर मनात आलं, ते फ्लोराला अजिबात आवडलं नाही.

पुढचं काम काही झालं नाही. अंधार पडेपर्यंत ती त्या भोकापाशी झटली. बोटांनी चाक उचलायला जायची, ते निसटायचं. लांब स्क्रू ड्रायव्हरने उचलायला गेली तर तो घसरून भोकाच्या कडेच्या ऑइल सीलमध्ये शिरला आणि सील टर्रकन फाटलं. सील फाटलं म्हणजे तेल गळणार, आणि तेल गळणाऱ्या गाडीला बर्नी लेबल लावत नाही, त्याच्या सख्ख्या आईची गाडी असली तरी. फ्लोरा घरात आली, हात न धुताच खुर्चीवर बसली आणि भावाचा उद्या फोन येईल तेव्हा त्याला काय सांगायचं, याचा विचार करू लागली.

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर बर्नीने गाठलंच. "काय गं, झालं का?"

"होतंय."

"होतंय म्हणजे झालं नाही."

"तुला काय करायचंय? मंगळवारी बघ."

तेव्हा बर्नीच्या मागे जॉन डॅनची उभी होती. तिने फ्लोराच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. तिने पाहिलं ते फ्लोराच्या हातांकडे. चारही बोटांची टोकं सोलवटलेली होती. फ्लोराने हात खिशात घातले, पण उशीर झाला होता.

दुपारी जेवणं झाल्यावर जॉन डॅनची टेकडी उतरून आली. एका हातात झाडूचा दांडा, पुढचं टोक तासून गोल केलेलं, आणि दुसऱ्या हातात चाकू.

"'मी काय वेडी आहे,' म्हणालीस."

"आहे," फ्लोरा म्हणाली. "बस? बरं वाटलं?"

"खूप." जॉन डॅनचीने कोट काढून कुंपणावर टाकला. "सरक तिकडे."

"थांब. तुला काय पडलंय? परवा माझी गाडी नसली तर काम तुझं. हे तुला कळत नाही असं नाही."

"चांगलं कळतं. काल रात्रभर तेच कळून घेत पडले होते." ती गाडीच्या उजव्या बाजूला गवतावर आडवी झाली आणि आतून बोलू लागली. "मला ते काम हवंय, फार हवंय. मला काही या झाडूच्या दांड्यावर जगता येत नाही. पण असं नको. रोज सगळ्या गावाच्या पेट्यांपुढे गाडी उभी करायची आणि प्रत्येक घरात कुणीतरी म्हणणार, आलेकचीची गाडी घोड्यांवर अडकली म्हणून हिला मिळालं. आणि कुणी नाही म्हणालं तर मी म्हणेन. मला स्वतःची बडबड ऐकायला आवडत नाही."

"मग नऊ वर्षं गावभर माझ्याबद्दल बडबडत होतीस ती कोण?"

"ती दुसरी फ्लोरा. आता बोलणं बंद कर आणि डाव्या बाजूला जा."

फ्लोरा गेली. जॉन डॅनचीने उजव्या भोकातून दांडा आत सरकवला, हळूहळू, कान देऊन. "इथून मी चाक उचलते. वर आलं की मी सांगेन. तू शाफ्ट आत ढकलायचा, पण जोर नको. फिरवत फिरवत. आणि थांब, तिथलं सील फाटलंय ना? मला इथून तेलाचा ओघळ दिसतोय."

"फाटलंय."

"कशाने?"

"माझ्या अकलेने."

जॉन डॅनची गाडीखालून बाहेर आली, कपडे न झटकताच टेकडी चढून गेली आणि परत आली ती नवं सील घेऊन. ते तिच्या स्वतःच्या गाडीचं होतं, डाव्या बाजूचं, अजून बसवायचं राहिलेलं. फ्लोराला कळलं की आता जॉन डॅनचीची गाडी मंगळवारी दुकान उघडेपर्यंत घोड्यांवरच राहणार. तिने तोंड उघडलं, पण जॉन डॅनचीने सील तिच्या हातात कोंबलं. "आभारबिभार मानू नकोस हं. ओठावर आलंय तुझ्या, दिसतंय मला. गीळ ते."

सील बसवलं. पुन्हा दोघी दोन बाजूंना आडव्या. दांडा आत, चाक थोडं हललं, निसटलं. पुन्हा. पुन्हा. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा जॉन डॅनची म्हणाली, "आता," आणि फ्लोराने शाफ्ट फिरवत आत सारला. आतून कट्ट आवाज झाला. शाफ्टच्या टोकाची क्लिप आपल्या खाचेत बसली. फ्लोराने शाफ्ट ओढून पाहिला, तो हलला नाही. इतकं सुख तिला त्या वर्षात कशानेही झालं नव्हतं.

"हे कुठे शिकलीस गं?" तिने गाडीखालून विचारलं.

"तुझ्या बापाकडे."

"माझ्या?"

"सोळा वर्षांची होते. आमचे बाबा बोटीवर गेले होते. म्हटलं, ते यायच्या आत गाडी दुरुस्त करून थक्क करू. ओढले दोन्ही एकदम. मग रडत बसले. आलेककाका आले, एक शब्द बोलले नाहीत. घरी गेले, झाडू घेऊन आले, कोरा करकरीत, आणि त्याचा दांडाच तोडला."

फ्लोरा गाडीखालून सरपटत बाहेर आली. "तो झाडू! अगं, त्या झाडूबद्दल आईने मला झोडपलं होतं! तिला वाटलं, मी तोडला हॉकी खेळताना!"

"मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे म्हणते! आणि गप्प राहिलीस?"

"काकांनी शपथ घातली होती. म्हणाले, आमच्या फ्लोराला यातलं काही सांगू नकोस. ती नियम पाळते. मोडलेल्या नियमाला उपाय असतो हे तिला कळलं, तर ती पाळायची बंद होईल."

फ्लोरा गवतावर बसून राहिली. बापाला जाऊन किती वर्षं झाली, आणि आता तो असा भलत्याच बाजूने घरात शिरला होता. तिला रडू आलं. तिने ते लपवलं नाही, फक्त तेलाच्या हाताने डोळे पुसले आणि तोंड काळं करून घेतलं. जॉन डॅनची गाडीखालीच राहिली. तिथे करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी राहिली.

मग उजवीकडचा झाडूचा दांडा ओढून त्या जागी लांब शाफ्ट सारला. आता डावीकडून धरायला होतं, त्यामुळे तो एका झटक्यात बसला. चाकं ज्यांवर बसतात ते हब चढवले, खालचे सांधे जोडले, मोठे नट फिरवले. नट सुटू नये म्हणून त्यात आडवी खिट्टी घालावी लागते. जुन्या खिट्ट्या काढताना तुटल्या होत्या.

"नव्या आहेत का?" जॉन डॅनचीने विचारलं.

"आहेत ना," फ्लोरा म्हणाली आणि शेडमध्ये जाऊन फळीवरून आणून गवतावर ठेवली ती आजीची तपकिरी किटली.

ठेवली आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण काय केलं.

भांडण याच किटलीवरून झालं होतं. म्हातारीच्या चुलीवर ती दिवसभर असायची, गावातला जो येईल त्याला तिच्यातूनच चहा. शेवटच्या दिवशी दोघी उशाशी होत्या. म्हातारी डोळे न उघडता एवढंच म्हणाली, "किटली फ्लोराची आहे," आणि संध्याकाळी गेली. कुठल्या फ्लोराची, ते विचारायला कुणी उरलं नाही. घर माणसांनी भरलेलं असताना आलेकचीने किटली कोटाखाली घालून नेली. जॉन डॅनची दुसऱ्या दिवशी दारात येऊन जे बोलली, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता जॉन डॅनचीने किटलीचं झाकण उचललं. आत खिट्ट्या, वायसर, गंजके बोल्ट. तोटी नव्हतीच.

"तू हिच्यात नट ठेवतेस?"

"तोटी फुटली."

"कधी?"

"पहिल्याच हिवाळ्यात. चहा केला, ओतायला गेले आणि तोटी हातात आली."

"आणि नऊ वर्षं मी या किटलीसाठी…" जॉन डॅनचीने झाकण आपटून बसवलं. "सांगायचं तरी!"

"काय सांगणार होते? भांडून आणली आणि फोडली? तू गावजेवण घातलं असतंस."

"घातलंच असतं!" जॉन डॅनची म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता खाली बसली. मग हसू थांबलं आणि ती खरोखरची चिडली, आजीच्या वस्तूची काय दशा केलीस म्हणून पाच मिनिटं फ्लोराला फैलावर घेतलं. फ्लोराने ऐकून घेतलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

"पण ती कुणाला म्हणाली असेल गं?" शेवटी जॉन डॅनचीने विचारलं. "तुला की मला?"

फ्लोरा खिट्टी शोधत होती. तिचा हात थांबला. "आजीचं नाव काय होतं?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"अरे देवा," जॉन डॅनची म्हणाली. "म्हातारी म्हणत होती, माझी आहे, हात लावू नका!"

आणि मग दोघी अशा हसल्या की खालच्या रस्त्याने चाललेल्या बर्नीने मोटार थांबवली, खिडकीतून डोकं बाहेर काढलं, टेकडीवरची आणि खालची फ्लोरा एकाच अंगणात बघून घेतली आणि एकही प्रश्न न विचारता निघून गेला. तासाभरात गावाला कळलं असणार.

भावाचा फोन संध्याकाळी आला. "येतेयस ना?" त्याने नेहमीप्रमाणे विचारलं. फ्लोरा म्हणाली, "मंगळवारी सांगते," आणि तिचा आवाज ऐकून भाऊच म्हणाला, "नाही येत तू. बरं, बरं."

सोमवारी सणाच्या टर्कीचा वास घराघरातून येत असताना दोघींनी गिअरबॉक्समध्ये नवं तेल भरलं, चाकं चढवली, गाडी घोड्यांवरून उतरवली आणि जमिनीवर टेकल्यावर ते मोठे नट पुन्हा आवळले, लांब पान्यावर दोघी मिळून उभ्या राहून. मग किनाऱ्याच्या रस्त्यावर चक्कर. जॉन डॅनची खिडकीतून अर्धी बाहेर लोंबून चाकाकडे कान देऊन बसली.

"डावीकडे वळ. आणखी. पूर्ण वळव गं, घाबरतेस काय! आता उजवीकडे."

"काही ऐकू येतंय?"

"समुद्र," जॉन डॅनची म्हणाली. "बाकी काही नाही."

मंगळवारी बर्नी झोपायच्या पायघोळ झग्यावर कोट घालून बाहेर आला, गाडीखाली वाकला, टॉर्च फिरवला, डाव्या सीलवरून बोट फिरवून ते वासासाठी नाकाला लावलं आणि लेबल चिकटवलं. "कुणी बसवले?" त्याने विचारलं.

"फ्लोराने," दोघी म्हणाल्या.

शहरातल्या टपाल कचेरीत बूद्रोबाई होत्या. त्या अकेडियन, फ्रेंच बोलणाऱ्यांच्या गावच्या, कामाला कडक. त्यांनी बाहेर येऊन गाडी पाहिली, काचेवरचं लेबल पाहिलं, गाडीत बसलेल्या जॉन डॅनचीकडे एक नजर टाकली आणि आत जाऊन आलेकचीला समोर बसवलं. मार्ग समजावून सांगितला. कुत्री कुठे आहेत ते सांगितलं. बर्फात काय करायचं ते सांगितलं.

"अभिनंदन. काम तुमचं," त्या म्हणाल्या. "आता शेवटचं. तुम्ही आजारी पडलात, किंवा घरात काही झालं, तर टपाल थांबत नाही. तुमच्या जागी दुसरं माणूस लागतं. ते तुम्हीच ठरवायचं, आणि आजच. रोज नाही, पण आठवड्याकाठी एखाददुसरा दिवस काम असतंच. आहे कुणी?"

"आहे. फ्लोरा मॅकलेलन."

बूद्रोबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमचं नाव लिहिलं आहे मी. दुसऱ्या माणसाचं सांगा."

"दुसऱ्याच माणसाचं सांगतेय. माझ्या बहिणीचं."

"तिचंही तेच?"

"तिचंही तेच. इथेच आहे ती."

"मग बोलवा तिला, सही लागेल."

आलेकची दारात गेली. रस्त्यावर सकाळची वर्दळ होती, गाडी पलीकडे उभी होती, काच खाली केलेली. तिने हाक मारायला तोंड उघडलं आणि क्षणभर थबकली. हे नाव तिने रोज स्वतःसाठी वापरलं होतं, त्या नावाने हाक मात्र नऊ वर्षांत मारली नव्हती.

"फ्लोरा!"

पदपथावरची एक अनोळखी बाई वळली. पावाच्या दुकानातून बाहेर येणारी दुसरी एक वळली. गाडीतली मात्र समोरच बघत राहिली, जणू हे नाव दुसऱ्याच कुणाचं असावं.

"अगं ए, तुलाच म्हणतेय!" आलेकची रस्ताभर ओरडली. "ये लवकर, सही करायचीय!"